अर्ज तुमच्या अक्षरात होता

(एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. छापताना थोडं कमी केलं आहे. गावाचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून गाळलं.)

"आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. 2019 च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा आम्ही रात्री अकराला घर सोडलं आणि माळावरच्या अक्कांकडे गेलो. त्या नात्यातल्या नाहीत, भावकीतल्याही नाहीत, पण घर उंचावर आणि स्लॅबचं. सहा माणसं आणि दोन म्हशी, नऊ दिवस राहिलो. म्हशी अक्कांच्याच कडब्यावर जगल्या. गंजी संपली, पण अक्का एका शब्दानं बोलल्या नाहीत.

पाणी उतरल्यावर बघतो तर आमची मागची भिंत पूर्ण बसलेली. पण पडझडीच्या यादीत आमचं नाव नाही. घर अजून मयत सासऱ्यांच्या नावावर, आणि पंचनाम्याला माणसं आली तेव्हा आम्ही माळावर. अक्कांचं नाव मात्र आलं. त्यांच्या घरात पाणी शिरलंच नव्हतं, गोठ्याची एक भिंत पडली होती तेवढंच. ह्यांचं डोकं फिरलं. अर्ज दिला. ह्यांचं अक्षर चांगलं नाही म्हणून लिहून मी दिला, पण मजकूर ह्यांचा. चौकशीला माणसं आली, कागद सगळ्यांना दाखवला, अक्कांचं नाव निघालं. आमचं शेवटपर्यंत आलं नाही.

तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. अक्कांच्या मुलाचा आणि ह्यांचा नदीवरचा पंप एकच आहे. पाणी वाढलं की दोघं मिळून मोटर काढतात, खांद्यावरनं वर आणतात, पण बोलत नाहीत. अक्का आणि मी एकाच बचत गटात. वही मी लिहिते, त्या सही करतात आणि निघून जातात. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा आम्ही शाळेत राहिलो. अक्कांच्या नातवानं सासूबाईंसाठी दुधाची किटली आणली होती, ह्यांनी परत पाठवली.

आता सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकरवर चालतात. त्यांना शाळेत खाली बसता येणार नाही, संडास लांब. यंदा पाणी आलं तर कुठं जायचं? हे म्हणतात, शाळेत जाऊ, नाहीतर घरातच मरू. मला अक्कांकडे जावंसं वाटतं, पण कुठल्या तोंडानं? आणि अर्जात खोटं काहीच नव्हतं, मग मला टोचतंय का?"

ताई,

तुमच्या चार पानांत एक वाक्य असं आहे की त्यावरून तुम्ही घाईनं पुढं गेलात. मी मात्र तिथंच थांबले. "लिहून मी दिला, पण मजकूर ह्यांचा." इतक्या वर्षांत हा "पण" तुम्ही मनाशी किती वेळा म्हटला असेल, देव जाणे.

आणि त्याच पत्रात खाली लिहिता की बचत गटाची वही तुम्ही लिहिता आणि अक्का सही करतात. दर महिन्याला. म्हणजे हप्ता, व्याज, कुणाचं किती येणं, हे सगळं अक्का तुमच्याच अक्षरात वाचतात आणि खाली आपलं नाव घालतात. चौकशीला आलेल्यांनी अर्जाचा कागद सगळ्यांना दाखवला, हेही तुम्हीच लिहिलंय. ताई, अक्कांना तुमचं अक्षर ओळखू आलं नसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? मी शाळेत तीस वर्षं वह्या तपासल्या. एका मुलाची वही दुसऱ्यानं लिहिली तर दोन ओळींत कळतं. बाईला बाईचं अक्षर कळायला दोन ओळीही लागत नाहीत.

तेव्हा माझा अंदाज सांगते. अक्कांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि माहीत असून, 2021 ला तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात असताना, त्यांनी नातवाच्या हातात किटली दिली. ती किटली तुमच्या सासूबाईंसाठी होती असं तुम्ही म्हणता. थोडी तुमच्यासाठीही असावी.

आता अर्जाचं. तुम्हाला वाटतंय मी म्हणेन की अर्ज करायलाच नको होता. तसं म्हणणार नाही. तुमची भिंत बसलेली असताना यादीत नाव नाही, हा अन्यायच. त्यासाठी अर्ज करायचाच, एकदा नाही तर दहादा करायचा. पण आपलं नाव घालावं म्हणून केलेला अर्ज वेगळा आणि शेजारच्याचं काढावं म्हणून केलेला वेगळा. अक्कांचं नाव निघालं म्हणून त्यांचे पैसे तुमच्याकडे वळणार नव्हते. तुमचं नाव अडलं होतं सासऱ्यांच्या नावाच्या उताऱ्यात आणि तुमच्या घराला लागलेल्या कुलपात. अक्कांच्या गोठ्यात ते अडलेलं नव्हतं. पंचनामे कसे होतात ते तुम्हीही बघितलंय. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक चिखलातून आळीआळीनं फिरतात, निम्मं गाव पाहुण्यांकडे नाहीतर छावणीत, जो दारात भेटतो त्याचं लिहिलं जातं. त्यातनं घर आणि गोठा एकाच रकान्यात पडणं काही नवलाचं नाही. अक्कांनी तेव्हाच "अहो, पडलाय तो गोठा, घर नव्हे" म्हणायला हवं होतं, हे खरं. त्याही काही देवीचा अवतार नाहीत. पण भिंत पडली होती ना? अर्जात खोटं काही नव्हतं म्हणता, मग गोठ्याची भिंत खरोखर पडली होती हे त्या अर्जात लिहिलं होतं का? माझ्यामते टोचतंय ते तिथं.

जे माझंच मला उशिरा कळलं, तेही सांगते. 2019 ला आमच्या सांगलीतल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा आम्ही विश्रामबागला नणंदेकडे गेलो. बारा दिवस. तिनं स्वतःची खोली दिली, गादी दिली, माझ्या ह्यांना दोन वेळचा बिनसाखरेचा चहा वेगळा करून दिला. सातव्या दिवशी मला दिसायला लागलं की ती दूध मोजून ओतते. आठव्या दिवशी तिच्या साखरेच्या डब्याचं झाकण मी नीट लावलं नाही म्हणून ती काही बोलली. ते वाक्य मी घरी परत येऊन, गाळ उपसताना, दारं फुगून बसलेली कपाटं उचकटताना, महिनाभर सगळ्यांना ऐकवलं. बारा दिवसांचं जेवण कुणालाच सांगितलं नाही, झाकणाचं सगळ्यांना सांगितलं. कुणाचं फार खाल्लं की त्याच्यात खोट सापडावी असं माणसाला वाटायला लागतं. सापडली की बरं वाटतं, आता फिटंफाट झाली असं वाटतं. तुमच्या मालकांना यादीत ती खोट आयती सापडली. नऊ दिवस दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या कडब्यावर आपली जनावरं जगवणं शेतकरी गड्याला किती जड जातं, ते तुम्ही त्यांच्या तोंडावर बघितलं असेल. म्हणून त्यांनी अर्ज केला ते बरोबर, असं मी म्हणत नाही. पण घरात ह्याच्यावरून भांडू नका. त्यांना ते माहीत आहे.

आता यंदाचं, कारण पाऊस तुमच्या-माझ्या रुसव्यासाठी थांबत नाही.

पहिली गोष्ट: रात्री अकराला घर सोडायचं नाही. 2019 ला आपल्या काठावर इतकी माणसं का अडकली? 2005 च्या पाण्याची खूण धरून बसली म्हणून. "पाच साली उंबऱ्याला आलं नव्हतं, आता कशाला येतंय?" हे वाक्य मी तेव्हा शंभर जणांकडून ऐकलं. सांगलीत आयर्विन पुलाला 2005 चं पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं होतं, 2019 ला ते 57 च्याही वर गेलं. त्या चार फुटांत गावंच्या गावं गेली. म्हणून जुनी खूण विसरा. आयर्विनला 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 धोक्याची, पण हा आकडा सांगलीचा. तुम्हाला वरच्या अंगाचे पूल बघायला हवेत. पाटबंधारे खात्याचा रोजचा पाणीपातळीचा मेसेज तुमच्या गावाच्या ग्रुपवर येत असणारच: कराड, बहे, ताकारी, भिलवडी. भिलवडी पुलाचा आकडा आणि कोयना धरणातून किती पाणी सोडलंय, हे दोन बघा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो की नाही, यावर पारावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या, तो पाऊस थांबेपर्यंत संपत नाही.

सासूबाईंना मात्र सगळ्यांत आधी हलवायचं, दिवसाउजेडी, रस्ता कोरडा असताना. वॉकरवरच्या माणसाला बोटीत चढवणं म्हणजे काय, ते एकदा डोळ्यांपुढं आणा. 8 ऑगस्ट 2019 ला तुमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या बोटीत बसलेली माणसंही अडकली म्हणूनच बसली होती. "घरातच मरू" म्हणणाऱ्या मालकांना एवढंच विचारा, की आपण घरात बसलो तर आपल्याला काढायला बोट घेऊन कुणाचा पोरगा येणार? आणि ताई, हे वाक्य ते रागानं एकदाच बोलले असतील तर सोडून द्या. पण पावसाचं नाव निघालं की रोज तेच बोलत असतील, झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पूर ओसरून वर्षं झाली तरी काही माणसांच्या छातीतलं पाणी उतरत नाही, आणि बापय माणूस ते बोलून दाखवत नाही.

दुसरी गोष्ट, कागदाची. सासऱ्यांच्या नावावरचं घर अजून तसंच आहे का? पत्रात तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे तसंच असावं. हे आधी करा. ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा काढा, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला जोडून वारसांची नावं लावायला अर्ज द्या. वारसांत सासूबाई आहेत, नणंदाही आहेत. सासूबाईंची सही नाहीतर अंगठा आज मिळतोय, तो आजच घ्या. नणंदांना फोन करून नीट सांगा, गुपचूप काही करू नका, नाहीतर एक भांडण मिटवताना दुसरं उभं राहील. आणि पाणी यायच्या आधी घराचे फोटो काढून ठेवा, चारी बाजूंनी, समोर घरातलं माणूस उभं करून. परत भिंत पडलीच तर पंचनामा होईपर्यंत माती हलवू नका. आणि हो, पंचनाम्याच्या दिवशी एक माणूस दारात बसलेला हवा. बाकी सगळे कुठंही असोत.

म्हशींना घटसर्पाची लस पावसाआधी टोचून घ्या, हेही होईलच तुमचं दरवर्षी. नसेल होत तर यंदा करा.

राहिलं अक्कांकडे जायचं. "कुठल्या तोंडानं" म्हणता. तोंडाचं नंतर बघू, आधी हात भरून जा. पण साडी-नारळ घेऊन जाऊ नका. तसं गेलात तर त्या पाट मांडतील, चहा करतील, कुंकू लावतील, आणि तुम्ही परक्यासारख्या येऊन परक्यासारख्या जाल.

तुम्ही कडब्याचं बोला.

2019 ला अक्कांची गंजी तुमच्या म्हशींनी संपवली. ऑगस्ट महिना, म्हणजे नवा कडबा यायला अजून सहा महिने. पुढचे सहा महिने अक्कांच्या जनावरांनी काय खाल्लं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? मला वाटतं, त्या दिवसांत तुम्ही अर्ज लिहीत होतात. टोमणा मारत नाही, फक्त तारखा शेजारीशेजारी ठेवून बघितल्या.

आत्ता रब्बीच्या ज्वारीचा कडबा जत-कवठेमहांकाळकडनं येतोय. दरवर्षी तुम्ही घेतच असाल. यंदा तो खालच्या गोठ्यात उतरवू नका. सगळ्या पेंढ्या भरून ट्रॅक्टर सरळ माळावर न्या. अक्का दारात येतील. त्यांना म्हणा, "अक्का, यंदा आमचा कडबा तुमच्या माळावर रचायचाय. निम्मा तुमचा. एकोणीस सालचा." एवढंच म्हणा. उसनं परत करायला आलेल्या माणसाला कुणी दारातनं हाकलत नाही. आणि त्यात तुमचं कामही आहे. पाणी आलंच तर वैरण आधीच उंचावर असेल, म्हशी घेऊन कुठं जायचं हे कुणी ठरवायलाही नको. जिथं वैरण आहे तिथं म्हशी जाणार. म्हशींच्या मागोमाग माणसं जातात, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या मालकांनाही लागणार नाही. त्यांना फक्त सांगा, खालच्या गोठ्यात वैरण परत भिजवायची नाही. ते मान हलवतील.

मालकांची मला फारशी काळजी वाटत नाही, खरं सांगते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत आवडलेलं चित्र त्यांचंच आहे. नदी चढतेय, पाऊस कोसळतोय, दोन गडी पंपावर जातात, नट ढिले करतात, दोरखंड बांधतात, आणि ती ओली मोटर मधे घेऊन चिखलातनं वर येतात. इतकं वजन न बोलता उचलता येत नाही, ताई. कुणीतरी "हं" म्हणत असणार, कुणीतरी "थांब जरा" म्हणत असणार. ते तुम्हाला सांगत नाहीत इतकंच. त्या दोघांना भेट घडवून आणायची, मध्ये बसवायचं, माफी मागायला लावायची, असलं काही करू नका. गंजी रचायला वर चढणारा एक लागतो आणि खालनं पेंढी फेकणारा एक. त्या दिवशी अक्कांच्या मुलाला हाक मारा, पुढचं होईल.

आणि अर्जाचं? ते तुम्ही स्वतःच सांगायचं. "ह्यांनी सांगितलं म्हणून" हे सांगायचं नाही, "अक्षर ह्यांचं चांगलं नाही" हेही नाही. अक्का बहुतेक पेंढ्या मोजत उभ्या असतील, आपल्याकडच्या बायका उसनं परत घेतानाही मोजून घेतात, त्यात वाईट काही नाही. मोजणी चालू असताना, तोंडाकडे न बघता म्हणा, "अक्का, तो अर्ज मी लिहिला होता." कदाचित त्या "माहीताय" म्हणतील. कदाचित काहीच म्हणणार नाहीत, पुढची पेंढी मोजतील. रडायला लागल्या तर तुम्हीही रडून घ्या. पण गोठ्याच्या भिंतीचं त्यांनी काढलंच, तर वाद घालू नका. ती पडली होती.

आणि समजा, दारच उघडलं नाही. तसंही होऊ शकतं. इतकी वर्षं थोडी नाहीत, अक्कांच्या सुनेचं वेगळं मत असू शकतं, आता घर तिचंही आहे. मग निम्म्या पेंढ्या तिथंच उतरवून या, कारण त्या त्यांच्याच आहेत. आणि सासूबाईंना आषाढ-श्रावणापुरतं लेकीकडं नाहीतर विटा-खानापूरकडच्या कुणा पाहुण्यांकडं पाठवा. पुराचा बोभाटा व्हायच्या आधी पाठवा, म्हणजे त्या पाहुण्या म्हणून जातील. शाळेत राहायची वेळ आलीच तर आधीच जाऊन संडासाजवळची खोली आणि एक खाट मागून ठेवा. सरपंचांना आत्ताच सांगितलं तर होतं, पाणी आल्यावर होत नाही.

पण मला वाटत नाही तशी वेळ येईल. जिनं किटली पाठवली, ती दार लावून बसणारी बाई नव्हे. मृग निघायच्या आत ट्रॅक्टर भरा. गंजीवर ताडपत्री टाकून दोरी नीट आवळा, माळावर वारं फार असतं. आणि तुमच्या घरातली किटली धुऊन, त्यात आपल्या म्हशीचं दूध भरून, सोबत न्या.